टायर लवकर घासतायत? आधी कारण शोधा, मग नवे घ्या

कारचे टायर २०-२५ हजार किलोमीटरमध्येच संपले की बहुतेक जण सरळ दुकान गाठतात, चार नवे टाकतात, तिथल्या तिथे अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) करून घेतात आणि विषय संपला म्हणून घरी येतात. वर्षभराने बघावं तर नवा टायरही त्याच चाकाला, त्याच आतल्या कडेला घासलेला. मग टायरच खराब होता असं वाटतं आणि पुढच्या वेळी दुसऱ्या कंपनीचा, जास्त महागाचा टायर येतो आणि तोही तसाच जातो. कारण गाडीतलं मूळ दुखणं कोणी बघितलेलंच नसतं. कधी लोअर आर्मचा (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचा) रबरी बुश गेलेला असतो, कधी शॉकअप (धक्के शोषणारा शॉक ॲब्सॉर्बर) गळत असतो आणि खूपदा तर फक्त हवा चुकीची असते.

क्रम असा आहे: जुना टायर नीट बघायचा, कारण ओळखायचं, हवेची सवय सुधारायची, सस्पेन्शनचं काम करायचं, मग टायर निवडायचा, मग बसवणं आणि बॅलन्सिंग (रिमला छोटी वजनं लावून चाकाचा तोल साधणं), आणि सगळ्यात शेवटी अलाइनमेंट. हा क्रम उलटला की पैसे वाया. खाली जे लिहिलंय ते साध्या हॅचबॅक, सेदान आणि छोट्या एसयूव्हीसाठी आहे, ज्यात इंजिनची ताकद पुढच्या चाकांना जाते.

## तयारी: घरून निघायच्या आधी काय हवं

स्वतःचा प्रेशर गेज घ्या. पंपावरच्या मशीनवर भरवसा ठेवू नका, काही बरोबर असतात, काही दोन-तीन पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) इकडे तिकडे दाखवतात आणि कुठलं मशीन कसं आहे हे आपल्याला कळायला मार्ग नसतो. दुसरी गोष्ट म्हणजे नक्षीची खोली मोजायचा छोटा डेप्थ गेज, तो फार महाग नसतो. हातमोजा, टॉर्च आणि मोबाइल. बस.

आणि ड्रायव्हरचा दरवाजा उघडून खांबावरचं स्टिकर बघा, त्यावर टायरचा साइज आणि पुढची-मागची हवा लिहिलेली असते, दोन माणसांसाठी वेगळी आणि भरलेल्या गाडीसाठी वेगळी. काही गाड्यांत ते पेट्रोलच्या झाकणाच्या आत असतं. त्याचा फोटो काढून ठेवा, पुढे चार वेळा लागणार आहे.

सावधान: टायरच्या साइडवॉलवर, म्हणजे बाजूच्या भिंतीवर, जे कमाल प्रेशर छापलेलं असतं ती टायरची मर्यादा आहे, तुमच्या गाडीत भरायची हवा नाही. तो आकडा बघून हवा भरणारे लोक आजही भेटतात.

## टप्पा १: टायर मोजा, नुसतं बघू नका

उभ्याने बघितलं की फक्त बाहेरची कडा दिसते आणि टायर छान वाटतो. खरं नुकसान बहुतेक वेळा आतल्या कडेला असतं. म्हणून गाडी सपाट जागी लावा, हँडब्रेक ओढा, स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवा, म्हणजे पुढच्या टायरची आतली बाजू उघडी पडते. मग दुसऱ्या बाजूला वळवून दुसरा टायर. मागच्या चाकांसाठी मोबाइलचा फ्लॅश लावून हात खाली घालून फोटो काढा, वाकून डोकं घालायची गरज नाही.

आता प्रत्येक टायरवर खोली तीन जागी मोजा, आतली कडा, मध्य, बाहेरची कडा. मग गाडी थोडी पुढे ढकलून परत तीन जागी. आकडे मोबाइलमध्ये लिहा, चाकाच्या नावासकट, कारण नंतर "पुढचं डावं की उजवं" हा गोंधळ हमखास होतो.

नव्या टायरची खोली साधारण ७ ते ८ मिलिमीटर असते. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे कारला किमान १.६ मिलिमीटर लागते, आणि खाचांच्या तळाशी जे छोटे आडवे उंचवटे असतात ना, टीडब्ल्यूआय लिहिलेल्या खुणेच्या रेषेत, ते याच उंचीचे असतात. नक्षी त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला. पण माझं स्पष्ट मत आहे की आपल्याकडे पावसाळ्यात १.६ पर्यंत थांबू नये, मे महिन्यात खोली ३ मिलिमीटरच्या खाली असेल तर जूनच्या आधीच बदला. खाच उथळ झाली की पाणी बाहेर फेकलं जात नाही, चाक पाण्यावर तरंगतं आणि तेव्हा ना ब्रेक लागतो ना स्टिअरिंग ऐकतं.

साधा हिशोब करा. समजा २०,००० किलोमीटरमध्ये टायर ८ वरून ४ वर आला, म्हणजे दर मिलिमीटरला ५,००० किलोमीटर, म्हणजे ३ पर्यंत अजून ५,००० मिळतील. हा आकडा सगळ्यात जास्त घासलेल्या जागेवरून काढायचा, सरासरीवरून नाही.

सावधान: टायरवर हात फिरवायच्या आधी डोळ्यांनी बघा. कडेला रबर संपून आतली तार बाहेर आलेली असेल तर ती हात चिरते. आणि तार दिसत असेल तर ती गाडी हायवेला न्यायचीच नाही, स्टेपनी लावून हळू दुकानात जा.

खोली कितीही असली तरी तीन गोष्टी दिसल्या की टायर बाद: साइडवॉलला फुगा, दोऱ्यापर्यंत गेलेला कट, आणि साइडवॉलवर जाळीसारखे तडे. फुगा म्हणजे खड्ड्यात आपटून आतले दोरे तुटलेत, त्याची दुरुस्ती होत नाही, कोणी करून देतो म्हणाला तरी करू नका.

## टप्पा २: कुठे घासलाय त्यावरून कारण ओळखा

हा टप्पा लोक वगळतात आणि सगळं इथेच हुकतं. आकडे समोर ठेवा आणि बघा.

मध्ये जास्त, दोन्ही कडा कमी घासलेल्या: हवा जास्त. ॲव्हरेज वाढतं म्हणून ३३ च्या जागी ३८-४० भरणाऱ्यांचे टायर असे जातात.

दोन्ही कडा घासलेल्या, मध्ये नक्षी शिल्लक: हवा कमी. आपल्याकडे हे सगळ्यात जास्त दिसतं. पण एक अपवाद लक्षात ठेवा, ताम्हिणी, वरंधा, आंबोली अशा घाटांतून रोज जोरात वळणं घेणाऱ्या गाडीच्या पुढच्या टायरच्या कडा, खास करून बाहेरच्या, हवा बरोबर असूनही जास्त झिजतात. तिथे दोष ड्रायव्हिंगचा, अलाइनमेंट कितीही वेळा केली तरी फरक पडणार नाही.

दोन्ही पुढच्या टायरच्या आतल्या कडा घासलेल्या: बहुतेक टो बिघडलेला, चाकांची तोंडं बाहेरच्या बाजूला फाकलेली. दोन्हीच्या बाहेरच्या कडा घासल्या असतील तर उलटं, तोंडं आत वळलेली. खात्रीसाठी हातमोजा काढून, तार नाही हे बघून, तळवा नक्षीवरून आडवा फिरवा, आधी आतून बाहेर, मग बाहेरून आत. एका बाजूने गुळगुळीत आणि दुसऱ्या बाजूने करवतीसारखं बोचलं की टो.

फक्त एकाच चाकाची एक कडा, आणि ती गुळगुळीत घासलेली: कॅम्बर, म्हणजे चाक आत किंवा बाहेर कललंय. टो बिघडला तर चालताना तो दोन्ही पुढच्या चाकांत वाटला जातो, म्हणून दोन्ही टायर खातो. एकच चाक खात असेल तर त्या चाकाचं काहीतरी वाकलंय किंवा सैल झालंय. आठवून बघा, त्या बाजूने मोठा खड्डा किंवा दुभाजक लागला होता का.

खोलगट डाग, एक जागा खाली एक वर, चाकभर: शॉकअप थकलेत, चाक रस्त्यावर उड्या मारतंय. कधी बॅलन्सिंग गेल्यानेही होतं. मागच्या टायरना हे जास्त होतं, आणि गाडीत व्हील बेअरिंग गेल्यासारखा घोंगावणारा आवाज येतो. लोक बेअरिंग बदलतात आणि आवाज तसाच राहतो.

फक्त पुढचे दोन संपलेत, सारखेच, आणि मागचे छान: यात बिघाड काही नाही. पुढची चाकं ओढतात, वळतात आणि ब्रेकचा जास्त भार घेतात, त्यामुळे ती आधी जाणारच. रोटेशन, म्हणजे पुढचे-मागचे टायर ठरावीक अंतराने अदलाबदल करणं, केलेलं नाही एवढंच. इलेक्ट्रिक गाडीत हे अजून लवकर होतं, एक तर बॅटरीचं वजन आणि त्यात ॲक्सिलरेटर दाबला की लगेच पूर्ण टॉर्क.

तपासा: गाडी सरळ रस्त्यावर एका बाजूला ओढत असेल तर अलाइनमेंटला जायच्या आधी पुढची दोन चाकं आपसात बदलून बघा, डावं उजवीकडे. ओढ बाजू बदलली तर दोष टायरमध्ये आहे. नाही बदलली तर गाडीत. ज्या टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण आहे त्यांच्यावर हा प्रयोग करू नका.

## टप्पा ३: हवेची सवय आधी सुधारा

हवा थंड टायरमध्ये मोजायची. थंड म्हणजे गाडी किमान तीन तास उभी, किंवा दोन-तीन किलोमीटरच्या आत चाललेली. चालून आलेल्या टायरमध्ये तीन ते पाच पीएसआय जास्त दिसतात आणि ते बरोबरच आहे, ते काढायचे नसतात.

पंप लांब असेल तर काय करायचं हे खूप लोकांना माहीत नसतं. सकाळी घरी आपल्या गेजने मोजा. समजा स्टिकरवर ३३ आहे आणि आली २८, म्हणजे ५ कमी. आता पंपावर पोचल्यावर गरम टायर ३१ दाखवेल, तर त्यात ५ टाकून ३६ करा. उद्या सकाळी थंड मोजलं की ३३ येईल. पंपावर "३३ टाक" म्हणून सांगितलं तर दुसऱ्या दिवशी ३० निघणार, आणि वर्षभर हेच चाललं की दोन्ही कडा गेल्या.

आता उन्हाळ्याचं. "नागपूरला चाललोय, समृद्धीवर टायर गरम होऊन फुटेल म्हणून हवा कमी करून घेतली" हे वाक्य अगदी शिकलेल्या लोकांकडून ऐकायला मिळतं. हे बरोबर उलटं आहे. हवा कमी असली की साइडवॉल प्रत्येक फेऱ्यात जास्त दबते, जास्त वाकते, आणि त्या वाकण्यातूनच उष्णता तयार होते. समृद्धीवर कारला १२० ची मर्यादा आहे, सरळ काँक्रीट, तासन्‌तास तोच वेग, वर विदर्भातलं ४५ अंशांचं ऊन, अशात कमी हवेचा टायर आतून शिजतो आणि फुटतो. लांबच्या प्रवासाला हवा कमी करायची नाही, माणसं आणि सामान भरलेलं असेल तर स्टिकरवरच्या भरलेल्या गाडीच्या आकड्यापर्यंत वाढवायची. आणि टायर टकले असतील तर तिकडे जाऊच नका, २०२३ मध्ये आरटीओने समृद्धीच्या एन्ट्रीलाच टायर तपासून घासलेल्या टायरच्या गाड्या परत पाठवल्या होत्या.

सीएनजी बसवलेल्या गाडीत सिलेंडरचं वजन कायम मागे असतं, त्यामुळे मागची हवा रिकाम्या गाडीच्या आकड्यावर ठेवू नका. नायट्रोजन भरत असाल तरी आकडा तोच ठेवायचा आणि तपासणीही करायचीच, नायट्रोजन म्हणजे विसरायची परवानगी नाही.

दर दहा अंश तापमानाला साधारण दीड पीएसआयचा फरक पडतो. म्हणून मे महिन्यात बरोबर केलेली हवा डिसेंबरच्या सकाळी कमी निघते. महिन्यातून दोनदा बघा, स्टेपनीसकट.

सावधान: टीपीएमएसचा (हवा कमी झाल्याचं दाखवणारा डॅशबोर्डवरचा) दिवा लागेपर्यंत थांबू नका. तो बऱ्याचदा हवा चांगलीच कमी झाल्यावर लागतो, दोन-तीन पीएसआयने कडा खाल्ल्या जातात ते त्याला दिसत नाही.

## टप्पा ४: सस्पेन्शन बघून घ्या, नव्या टायरच्या आधी

टप्पा २ मध्ये हवा सोडून दुसरं काही कारण निघालं असेल तर गाडी आधी मेकॅनिककडे, टायरच्या दुकानात नाही. टायरच्या दुकानात अलाइनमेंट होते, बुश बदलत नाहीत, आणि सैल बुशवर केलेली अलाइनमेंट पहिल्या मोठ्या खड्ड्यापर्यंत टिकते.

मेकॅनिकला गाडी जॅकवर किंवा लिफ्टवर घ्यायला लावा आणि समोर उभे राहा. चाक वर-खाली धरून हलवलं आणि खेळ जाणवला तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट. डावी-उजवीकडे धरून हलवलं आणि खटखट आली तर टाय रॉड एंड. लोअर आर्मचे बुश टॉमीने उचकून बघायला सांगा, रबर फाटलेलं असेल तर लगेच कळतं. शॉकअपवर तेलाचा ओला थर आहे का बघा. बॉनेट दाबून सोडायची जुनी पद्धत आहे, गाडी दोन-तीन वेळा झुलत राहिली तर शॉकअप गेला हे नक्की, पण एकदाच झुलून थांबली म्हणजे चांगला आहे असं मात्र नक्की सांगता येत नाही.

शॉकअप बदलायचा तर एका बाजूचा बदलू नका, जोडीने.

तपासा: काम झाल्यावर बदललेले जुने पार्ट बघायला मागा, आणि गाडी रोजच्या खडबडीत रस्त्यावर चालवून खडखड गेली का ते ऐका. मगच पुढच्या टप्प्याला हात घाला.

## टप्पा ५: साइज आणि टायर निवडणं

साइडवॉलवर लिहिलेलं असतं तसं वाचू, समजा १८५/६५ आर १५ ८८ एच. १८५ म्हणजे रुंदी मिलिमीटरमध्ये. ६५ म्हणजे साइडवॉलची उंची रुंदीच्या ६५ टक्के. आर म्हणजे रेडियल, १५ म्हणजे रिम किती इंची. ८८ हा लोड इंडेक्स, एका टायरला ५६० किलो. एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंत. एस १८०, टी १९०, व्ही २४०.

गाडीच्या स्टिकरवर जो साइज आहे तोच घ्या, हा माझा पहिला आणि शेवटचा सल्ला. लोड इंडेक्स आणि स्पीडचं अक्षर त्याच्या बरोबरीचं किंवा वरचं चालेल, खालचं चालणार नाही. दुकानदार म्हणतो "८४ वाला आहे, काही फरक पडत नाही", तर पडतो, पाच माणसं आणि गणपतीला कोकणात जायचं सामान भरलं की पडतो.

रुंद टायरचा मोह असेल तर आधी बाहेरचा व्यास काढा. १८५/६५ आर १५ चा व्यास होतो: १८५ चे ६५ टक्के १२०.२५, दुप्पट २४०.५, त्यात १५ इंच म्हणजे ३८१ मिळवा, ६२१.५ मिलिमीटर. डिझायरच्या वरच्या मॉडेलला हाच साइज येतो आणि खालच्या मॉडेलला १६५/८० आर १४ येतो, त्याचा हिशोब केला तर साधारण ६२० येतो. बघा, रिम वेगळी, रुंदी वेगळी, पण कंपनीने व्यास जवळपास तोच ठेवलाय. आता कोणी तुम्हाला त्याच १५ च्या रिमवर १९५/६५ विकला तर व्यास ६३४.५, म्हणजे २ टक्के मोठा. मीटरवर १०० दिसताना गाडी जास्त पळते, फेंडरच्या आत घासण्याची शक्यता वाढते, स्टिअरिंग जड होतं, ॲव्हरेज पडतं. दिसायला भारी दिसतं हे मान्य, पण त्यासाठी एवढं सगळं घालवू नये.

आता कुठला टायर. भारतात एमआरएफ, अपोलो, सिएट, जेके, ब्रिजस्टोन, योकोहामा, मिशेलिन, गुडइयर, कॉन्टिनेंटल असे खूप पर्याय आहेत आणि "सगळ्यात चांगला कुठला" या प्रश्नाला उत्तर नाही, कारण एकाच कंपनीचे टिकाऊ, शांत आणि जास्त पकडीचे असे वेगवेगळे पॅटर्न असतात. कंपनीपेक्षा पॅटर्न बघा. आणि तुमची गाडी कुठे चालते ते सांगून विचारा:

- शहरात, खड्डे, रोजचं कमी अंतर: साइडवॉल मजबूत आणि टिकाऊ कंपाउंडचा. थोडा आवाज चालवून घ्या.
- मुंबई-पुणे, समृद्धी, लांबचे हायवे: ओल्या रस्त्यावरची पकड आणि कमी आवाज आधी, किलोमीटर नंतर.
- कोकण, घाट, पाऊस: ओली पकड. यात तडजोड नको.
- इलेक्ट्रिक किंवा जड एसयूव्ही: मूळ टायरवर एक्सएल (एक्स्ट्रा लोड, म्हणजे जास्त वजन पेलणारा) लिहिलेलं असेल तर नवाही एक्सएलच.

टिकाऊपणा आणि पकड यांची ओढाताण असते. रबर कडक की जास्त किलोमीटर, पण ओल्या रस्त्यावर सहसा पकड कमी. ६०-७० हजार किलोमीटरचा वायदा ऐकून भुलण्याआधी ब्रेकिंगचं विचारा. काही टायरवर ट्रेडवेअरचा (टायर किती टिकतो याचा) आकडा आणि ट्रॅक्शनचं (ओल्या रस्त्यावरच्या पकडीचं) एए, ए, बी, सी असं अक्षर असतं. ट्रॅक्शन ए च्या खाली घेऊ नका. ट्रेडवेअरचा आकडा एकाच कंपनीच्या दोन टायरची तुलना करायला ठीक आहे, वेगवेगळ्या कंपन्यांच्या आकड्यांची तुलना फसवी.

आयएसआयचा शिक्का हवाच, भारतात विकायच्या टायरला तो सक्तीचा आहे.

सावधान: सेकंडहँड टायर, आणि त्यातही पुन्हा खाचा कोरलेला टायर, कारला अजिबात लावू नका. टकल्या टायरला गरम पात्याने खाच पाडून काळा पॉलिश मारला की तो नवा दिसतो, पण खाली तारेवर रबरच उरलेलं नसतं. खाचेच्या तळाशी टीडब्ल्यूआयचा उंचवटा सापडला नाही की समजा कोरलाय.

## टप्पा ६: दोन बदलायचे की चार

चारही साधारण सारखे झिजले असतील तर चार. पुढचेच दोन संपले असतील तर दोन, पण मग नवे कुठे टाकायचे यावर सगळ्यात जास्त वाद होतो. पुढची चाकं ओढतात म्हणून नवे पुढे, असं दुकानदारही सांगतो. टायर कंपन्यांचा सल्ला उलटा आहे आणि तो बरोबर आहे: नवे मागे, अर्धवट झिजलेले पुढे. ओल्या रस्त्यावर पुढची पकड सुटली तर गाडी सरळ जाते, आपण आपोआप ॲक्सिलरेटर सोडतो आणि गाडी सावरते. मागची पकड सुटली तर शेपूट फिरते, आणि ती सावरणं सामान्य ड्रायव्हरच्या हातातलं नाही, ताकद पुढच्या चाकांना असो की मागच्या.

एका ॲक्सलवरचे, म्हणजे पुढचे दोन किंवा मागचे दोन, टायर एकाच कंपनीचे, एकाच पॅटर्नचे. एकच टायर खड्ड्यात फुटला असेल तर त्याचा जोडीदार किती झिजलाय ते बघा, तो जवळजवळ नवा असेल तरच एक घ्या. स्टेपनी वापरायचा विचार असेल तर आधी तिचं वय बघा, न वापरलेली असली तरी ती गाडीएवढीच जुनी असते, आणि बऱ्याच गाड्यांत ती छोट्या साइजची असते, तिच्यावर ८० च्या पुढे जायचं नाही असं रिमवरच लिहिलेलं असतं.

## टप्पा ७: दुकानात, बिल देण्याच्या आधी

भाव विचारताना सगळं धरून विचारा, टायर, जीएसटी, बसवणं, बॅलन्सिंग, व्हॉल्व्ह, अलाइनमेंट. २२ सप्टेंबर २०२५ पासून कारच्या टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय, तेव्हा बिलावर किती लागलाय तेही बघा. पक्कं बिल घ्या आणि त्यावर चारही टायरचे सीरियल नंबर लिहून घ्या, वॉरंटीला तेच लागतात.

टायर समोर आला की तारीख बघा. साइडवॉलवर डीओटी या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीत शेवटचे चार आकडे, २३२५ म्हणजे २०२५ चा २३ वा आठवडा. ओळ एका बाजूला पूर्ण आणि दुसऱ्या बाजूला आकड्यांशिवाय असते, त्यामुळे दिसलं नाही तर टायर उलटा करून बघा. सहा महिन्यांच्या आतला असेल तर उत्तम, वर्षाच्या आतला चालेल, त्याच्या पुढचा असेल तर मी घेणार नाही, सूट दिली तरी. चारही टायरची तारीख बघा हं, वरचा एक नवा आणि खालचे जुने असंही होतं.

तपासा: साइज, लोड इंडेक्स, स्पीडचं अक्षर, तारीख, आयएसआय. पाच गोष्टी, चारही टायरवर. रिमवर चढायच्या आधी. चढल्यावर परत घेत नाहीत.

## टप्पा ८: बसवणं, बॅलन्सिंग, अलाइनमेंट, याच क्रमाने

जुना टायर उतरला की रिम आतून बघा, वाकलेली किंवा चीर गेलेली असेल तर आत्ताच सांगा. रबरी व्हॉल्व्ह नवेच टाका, टायरच्या मानाने किंमत काहीच नाही आणि जुना व्हॉल्व्ह पुढच्या वर्षी हळूहळू हवा सोडायला लागतो. टायरवर "आउटसाइड" लिहिलं असेल तर ते शब्द बाहेरून दिसले पाहिजेत, बाण असेल तर तो गाडी पुढे जाताना चाक फिरतं त्या दिशेला. घाईच्या वेळी मुलं हे चुकवतात.

बॅलन्सिंगला मशीनचा स्क्रीन स्वतः बघा. वजन लावल्यावर परत फिरवायला सांगा आणि दोन्ही बाजूंना शून्य आलं पाहिजे. खूप जास्त वजन लागत असेल तर रिम वाकडी आहे किंवा टायर रिमवर नीट बसलेला नाही, टायर रिमवर अर्धा फिरवून पुन्हा बघायला सांगा.

नट आधी हाताने दोन-तीन आटे फिरवून मगच गनने, आणि एकाच्या समोरचा दुसरा असे, गोल गोल नाही. शेवटचं आवळणं टॉर्क रेंचने, गाडीच्या पुस्तकातल्या आकड्यावर. गनने जीव खाऊन आवळलेला नट रात्री पंक्चर झालं की घरच्या पान्याने उघडत नाही.

आता अलाइनमेंट. त्याआधी हवा स्टिकरप्रमाणे करायची, डिकी रिकामी करायची. मशीनवर चढवल्यावर आधीचे आकडे आणि नंतरचे आकडे, दोन्हीचा प्रिंट मागा. फक्त नंतरचा हिरवा (सगळे आकडे मर्यादेत दाखवणारा) प्रिंट मिळाला तर काय बिघडलं होतं ते कधीच कळणार नाही. त्यात पुढचा टो हिरव्यात, दोन्ही बाजूंना जवळपास सारखा, आणि स्टिअरिंग सरळ असलं पाहिजे.

बहुतेक छोट्या गाड्यांत कॅम्बर सेट करायची सोयच नसते, आणि मागच्या चाकांना तर टो सेट करायचीही नसते. त्यामुळे कॅम्बर लाल आला तर याचा अर्थ काहीतरी वाकलंय, टप्पा ४ कडे परत. काही ठिकाणी जॅक लावून स्ट्रट किंवा नकल वाकवून आकडा हिरवा करून देतात.

सावधान: हे करू देऊ नका. वाकवलेला लोखंडी पार्ट त्या जागी कमजोर होतो आणि तो चाक धरून ठेवणारा पार्ट आहे.

जुने टायर घरी नेणार असाल तर छपराखाली ठेवा, उघड्यावर पडलेल्या टायरमध्ये पावसाचं पाणी साठून डेंग्यूचे डास होतात.

## टप्पा ९: पहिले १०,००० किलोमीटर

पहिले २००-३०० किलोमीटर जपून, नव्या रबरावर गुळगुळीत थर असतो, पावसात तर जास्तच सांभाळा. ५० ते १०० किलोमीटरनंतर नट पुन्हा टॉर्क रेंचने बघून घ्या. ८०-१०० च्या वेगात स्टिअरिंग थरथरलं तर बॅलन्सिंगला परत जा, अलाइनमेंटला नाही.

२,००० किलोमीटरला डेप्थ गेज काढा आणि परत तीन जागी मोजा. आतल्या आणि बाहेरच्या कडेत अर्ध्या मिलिमीटरहून जास्त फरक पडला असेल तर मूळ दुखणं राहिलंय, आत्ताच पकडलं तर टायर वाचतो.

८,००० ते १०,००० ला रोटेशन: पुढचे दोन सरळ मागे, मागचे दोन तिरके पुढे, म्हणजे मागचा डावा पुढे उजवीकडे. दिशेचा बाण असेल तर फक्त त्याच बाजूला पुढचा-मागचा. दोनच नवे टाकले असतील तर मागची खोली पुढच्यापेक्षा कमी होईल अशी अदलाबदल करू नका. पुढची-मागची हवा स्टिकरवर वेगळी असेल तर रोटेशननंतर ती परत सेट करायची, हे दुकानात हमखास राहून जातं, म्हणून गेज सोबत न्या.

टायर पाच वर्षांचे झाले की नक्षी असली तरी दर वर्षी तडे आणि साइडवॉल तपासून घ्या, आणि दहा वर्षांचा टायर कितीही छान दिसला तरी काढून टाका. कमी चालणाऱ्या गाड्यांचे टायर झिजण्याआधी वयानेच जातात, आणि अशा गाड्या वर्षातून एकदाच, गावाला जाताना, भरून हायवेला निघतात.